देवा, धर

सोमवार, ३ मार्च

उडी मारायची म्हणे! मी!

नव्या साहेबांनी आज सकाळी पॅराशूट बांधणाऱ्या आम्हा चौघांना हँगरमध्ये उभं केलं आणि नियम वाचून दाखवला. जो बांधतो त्याने वर्षातून एकदा स्वतः बांधलेल्या पॅराशूटने उडी मारायची. महिनाअखेरपर्यंत. नाही मारली तर बांधणीचं टेबल सोडायचं आणि तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसायचं. कुठलं पॅराशूट, तेही आपण ठरवायचं नाही. मी बांधून ठेवलेल्या बॅगांतून साहेब कुठलीही एक उचलणार. "म्हणजे प्रत्येक घडी स्वतःसाठी घातल्यासारखी घालाल," म्हणाले. जसं काही आजवर मी चादरींच्या घड्या घालत होते!

बाकीचे तिघे हसले. त्यांचं काय जातंय, ते सुट्टीच्या दिवशीही हौसेने उड्या मारतात. मला इथे नऊ वर्षं झाली, पण पाय कायम जमिनीवर. घरातला दिवा गेला तर मी स्टुलावर चढत नाही. नवरा चढतो. आणि तो चढला की मी खोलीबाहेर जाते.

त्याला सांगितलं. "वर जायचं आणि खाली यायचं," तो म्हणाला, "त्यातलं खाली यायचं काम तर आपोआप होतं." जेवण होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

मंगळवार, ४ मार्च

हात कामाला लागले की जरा बरं वाटतं. लांबलचक टेबल. एका टोकाला पट्टे अडकवायचे, एकेक दोरी मोजून सुटी करायची, कापड झटकायचं, घडीवर घडी, मग गुडघे टेकून अंगाच्या भाराने आतली हवा काढायची, बॅगेत दाबायचं, पिन लावायची. शेवटी कार्ड. त्यावर तारीख आणि माझी सही. बॅगेच्या पाठीवर एक झाकण असतं, त्याखाली छोटा खिसा, त्यात ते सरकवायचं.

आणि कार्डाच्या मागे — हे कुणालाच ठाऊक नाही, नवऱ्यालासुद्धा नाही — चिठ्ठी. नखाएवढी. दोन शब्द. देवा, धर.

बॅगेत बाहेरची वस्तू म्हणजे गुन्हाच. केसातली पिनसुद्धा चालत नाही. सापडले तर त्याच दिवशी घरी बसवतील. पण चिठ्ठीशिवाय मी एकही बॅग पाठवलेली नाही. उडी मारून बॅग टेबलावर परत आली की आधी कार्डामागे बोट घालते. चिठ्ठी नसते. नऊ वर्षांत एकही परत आलेली नाही! वर वारा किती सोसाट्याचा, तोच ओढून नेतो. म्हणजे पोचते. हसायचं त्याने खुशाल हसावं. माझ्या बांधणीने आजवर कुणाला दगा दिलेला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मला शिकवायचं काम भिंगांकडे आलं. भिंग म्हणजे आमचे तपासनीस. डोळ्यांवर जाड चष्मा, आणि तरी गळ्यात दोरीला भिंग. विमानात चढण्याआधी प्रत्येकाची बॅग हा माणूस तपासतो. पट्टे, पिन, कार्ड. मग विचारतो, "बांधणी कुणाची?" कार्डावर दिसत असतं, तरी विचारतो. उडी मारणाऱ्याने नाव सांगितलं की सही. ती झाल्याशिवाय पायलट इंजिन सुरू करत नाही. हसणं ठाऊक नाही. मागे एक जण चढायच्या आधी डोळे मिटून पुटपुटत उभा राहिला, तर हे म्हणाले, "आटपलं की सांग. देव माझ्या यादीत नाही."

आज बाकावरून उडी मारायची होती. बाक गुडघाभर. मी वर चढले आणि तिथेच अडकले.

"अगं, गुडघाभर तर आहे."

"तुमचा गुडघा!"

अर्धा तास ते तसेच समोर उभे राहिले. रागावले नाहीत की काही नाही. शेवटी मी बाकावर बसले आणि बसल्याबसल्या उतरले. शोभा झाली!

रविवार, ९ मार्च

लिहूनच टाकते. या वहीशिवाय सांगणार कुणाला?

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळा नसली की शिडी धरायला मी. वर चढताना दर वेळी एवढंच म्हणायचे — "धर नीट." त्या दिवशी दुसऱ्या मजल्याची पाटी होती. मी आठ वर्षांची. त्यांच्या हातून ब्रश निसटला आणि माझ्या पायाशी पडला. मी उचलायला वाकले. दोन्ही हात सोडून. शिडी सरकली.

लोक म्हणाले, शिडीच जुनी होती. आई म्हणाली, देवाची मर्जी. मी ब्रश पाठीमागे लपवून उभी होते. माझ्या फ्रॉकला निळा रंग लागला होता आणि तोही कुणाच्या लक्षात आला नाही. याला अडतीस वर्षं झाली.

सगळ्यांना वाटतं, मी उंचीला घाबरते. उंचीचं काय घेऊन बसलात! मी या हातांना घाबरते. यांनी एकदा सोडलंय. पुन्हा सोडणार नाहीत कशावरून? म्हणून चिठ्ठी. माझ्याकडून सुटलंच तर वर कुणीतरी धरलेलं असावं.

हे लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही हलकं वाटत नाही.

सोमवार, १० मार्च

बाक जमला! पाच वेळा! भिंग म्हणाले, "हं." त्यांच्या हिशेबी ही टाळ्यांची लयलूटच झाली.

दुपारी डबे खाताना जुन्या गोष्टी निघाल्या. माझ्या पहिल्याच वर्षी एका आजींनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी उडी मारली होती. खाली आल्यावर बांधणारी कोण म्हणून मला शोधत आल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या, सोडेचनात. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा मोठा निळा डबा घेऊन आल्या. बिस्किटं आम्ही अर्ध्या तासात फस्त केली. डबा मी सुईदोऱ्यासाठी बाजूला ठेवला होता, तो कुणी लांबवला ते आजतागायत कळलेलं नाही. मी पुन्हा एकदा सगळ्यांवर संशय घेतला. सगळ्यांनी पुन्हा एकदा कानांवर हात ठेवले.

बुधवार, १२ मार्च

बांधली. उघडली. परत बांधली. परत उघडली. एकच बॅग, चार वेळा. "पुरे आता," भिंग म्हणाले, "कापडाला घाम फुटेल."

प्रत्येक घडीला मनात येतं — हीच असेल का माझी?

शनिवार, १५ मार्च

गेले तशी परत आले. विमानातूनच!

सगळं नीट लिहिते. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याच्या पॅराशूटची दोरी विमानालाच अडकवलेली असते. आपण बाहेर पडलो की तिला ओढ बसते आणि पॅराशूट उघडतं. आपण काहीही करायचं नाही. दारावरचा दांडा धरून पायरीवर यायचं आणि भिंगांनी "सोड" म्हटलं की सोडायचं. फक्त सोडायचं. फक्त!

खाली तपासणीत त्यांनी विचारलं, "बांधणी कुणाची?" माझ्या तोंडून ततपप. पाठीवर त्यांचा अंगठा जाणवला, झाकण उघडलं, मिटलं. "बांधणी कुणाची, म्हटलं." "माझी," मी म्हणाले, पण मलाच ऐकू आलं नसेल.

वर दार उघडलं. खाली शेतं, रस्ते, छपरं, सगळं इवलंइवलं. "सोड." हात सुटेनात. "सोड!" दांड्याला चिकटल्यासारखे. नको तेव्हा सोडणारे हेच हात, आणि आता माझं ऐकेनात! भिंगांनी मला मागून कवेत घेऊन आत ओढलं तेव्हा मी रडत होते. उडीला आलेले बाकीचे चौघे माझ्या बाजूने एकेक करून बाहेर पडले आणि मी बाकावर बसून राहिले. उतरल्यावर साहेब म्हणाले, "हरकत नाही, महिना संपायला वेळ आहे." तिकिटाच्या खिडकीची किल्ली मला त्यांच्या खिशात दिसायला लागली.

बॅग काढली. सवयीने कार्डामागे बोट घातलं.

चिठ्ठी नव्हती.

रविवार, १६ मार्च

दार उघडं होतं. दारातही वारा असतोच. तिथूनच गेली असणार.

सोमवार, १७ मार्च

पण झाकण तर मिटलेलं होतं. मग बाकीच्यांच्या तरी कशा जायच्या? आणि न उघडलेली बॅग माझ्या टेबलावर कधी येतच नाही, परस्पर तयार बॅगांच्या मांडणीवर जाते. म्हणजे हे बघायची वेळ नऊ वर्षांत कधी आलीच नव्हती.

नको तो विचार. उडी मारली नाही आणि चिठ्ठी गेली. कुणाकडे गेली?

बुधवार, १९ मार्च

कामावरून आईकडे गेले. खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मीही चार सोलल्या. उडीचं सांगितलं. वाटलं, नको म्हणेल, म्हणजे मलाही सुटका. पण ती म्हणाली, "मार की! काही सुचेनासं झालं तर देवाचं नाव घे आणि मार." मला चिठ्ठीतले ते दोन शब्द तिनेच तर शिकवलेले.

मग सहज बोलून गेली, "तुझे बाबा शिडीवर चढायचे तेव्हा मला कधी धास्ती वाटली नाही बघ. खाली तू असायचीस ना."

ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर. "मी निघते," म्हणाले. "चहा?" "नको." बसथांब्यावर आले तरी शेंगा मुठीत होत्या.

शनिवार, २२ मार्च

वारा. विमान बंद. देवाचे आभार मानले आणि मग माझीच मला लाज वाटली.

मंगळवार, २५ मार्च

तिकिटाच्या खिडकीत बसून बघितलं, पाच मिनिटं. खुर्ची बरी आहे. पंखा आहे. माणसं येतात, जातात, कुणी कुणाच्या भरवशावर नसतं. तिथे मी मरून जाईन.

नवरा आज चेष्टा करत नव्हता. म्हणाला, "नाही मारलीस तरी मला तू तीच." मग थोड्या वेळाने, "पण मार." स्टूल आणून दिव्याखाली ठेवलं आणि नवा दिवा माझ्या हातात दिला. मी चढले. तो स्टूल धरून उभा. दिवा लावून खाली आले तोवर त्याचे हात पांढरे पडले होते, इतकं घट्ट धरलं होतं त्याने.

शनिवार, २९ मार्च

मारली! मारली! मारली!!

साहेबांनी मांडणीवरची तिसरी बॅग उचलली. गुरुवारी बांधलेली. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर आहे, निळ्या शाईने लिहिलेली. पाठीवर भिंगांचा अंगठा. झाकण उघडलं, मिटलं. "बांधणी कुणाची?"

"माझी!"

हँगरमधली माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने.

वर पायरीवर आले. हात तसेच, दांड्यावर दगड. भिंग कानाशी आले आणि "सोड" म्हणाले नाहीत. म्हणाले, "धरलंय." काय धरलंय, कुणी धरलंय, विचारायला वेळच नव्हता. डोळ्यांपुढे एकदम तो ब्रश आला. देवा, धर, म्हटलं आणि बोटं उघडली.

एक हिसका, आणि शांत! वर बघितलं. पूर्ण उघडलेलं, गोल, घडीची एकही सुरकुती नाही. नऊ वर्षं मी ते टेबलावर आडवंच बघत आले होते. इतकं मोठं असतं हे! मी तिथे वर एकटी मोठ्याने हसले, मग रडले, मग बाबांशी बोलले. काय बोलले ते इथेही लिहीत नाही.

बटाट्याच्या पोत्यासारखी पडले. गुडघा सोलला. बघायला आलेल्या नवऱ्याने धावत येऊन विचारलं, "मोडलं काय?" काहीच नाही!

आधी बॅग ओढली आणि कार्डामागे बोट घातलं. चिठ्ठी नाही. पोचली!

पोचलीच असणार. आज तर वारा होताच. मग मन का खातंय?

रविवार, ३० मार्च

राहवलंच नाही. सकाळी भिंगांना गाठलं आणि सरळ विचारलं, "कार्डामागे कधी काही सापडतं का हो?"

त्यांनी कपाट उघडलं. पुढे माझा निळा डबा. मागे बुटांची खोकी, प्रत्येकावर साल लिहिलेलं. सगळी काठोकाठ. देवा, धर. देवा, धर. देवा, धर. डब्यात अगदी वर कालची, निळ्या शाईची.

"सापडलेली वस्तू फेकायची नाही, असा नियम आहे," ते म्हणाले.

"आणि नोंद करायचा नियम?"

चष्मा काढून पुसत राहिले. "नोंद केली असती तर तुला काढलं असतं. मग घड्या कुणी घातल्या असत्या?"

एकही वर गेली नव्हती. नऊ वर्षं एवढी माणसं नुसत्या माझ्या हातांच्या भरवशावर गेली आणि खाली आली. मीसुद्धा! देवा, मग तू इतके दिवस धरलं होतंस ते काय — हेच हात?

आईकडे निघाले आहे. ब्रशचं सांगायचं आहे.