दोरखंडाचा दावा थोरलीकडे

मी, मालवाहू जहाजावरच्या खलाशाची विधवा, वय सदुसष्ट, पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृतीची तक्रार नाही. कोणीही भरीस न घालता, माझ्याच मनाने हे लिहीत आहे.

राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि जिना, धाकट्या मुलाला. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गळते. मला ते माहीत नाही असे तो समजतो.

बँकेतली शिल्लक थोरली मुलगी आणि धाकटा, दोघांना निम्मी निम्मी.

जहाज कंपनीच्या एजंटांना माझा जुना चष्मा. यजमान गेल्यावर आठव्या दिवशी ते त्यांची ट्रंक घेऊन आले. म्हणाले, "ताई, ट्रंक मिळाल्याची पावती आहे, इथे सही करा." मी केली. खाली बारीक अक्षरांत भरपाईचा हक्क सोडल्याचे लिहिले होते. ती सही रद्द करून घ्यायला सहा वर्षे गेली. तेवढ्या काळात मी शब्दकोश मांडीवर घेऊन सागरी कायदा वाचायला शिकले. ती पुस्तके थोरल्या मुलीला. समासातली टिपणे माझी आहेत, चुकली असतील तर हसू नये.

आता दावा. भर समुद्रात बंद पडलेली बोट ओढून नेताना दोरखंड तुटला आणि यजमानांना लागून ते गेले. दोरखंड झिजल्याचे जहाजावरच्या सारंगांनी, म्हणजे खलाशांच्या मुकादमांनी, आधीच लिहून दिले होते. कंपनी भरपाई द्यायला तयार आहे, पण मयत नको तिथे उभा होता हे आम्ही मान्य केले तरच.

दावा चालवण्याचा हक्क मी थोरलीला देत आहे. धाकटा म्हणाला, "आई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" आहे रे राजा. पण तू त्याच कंपनीच्या जहाजावर जातोस. कप्तानाने केबिनमध्ये बोलावून कागद पुढे केला, तर नाही म्हणणे तुला जड जाईल. तुला त्या पेचात टाकणे माझ्याने होणार नाही.

पोरी, थकलीस तर दावा मिटव. रक्कम कमी मिळाली तरी चालेल. वकील म्हणतील, "एका ओळीसाठी काय अडून बसता?" बसायचे. ती ओळ काढल्याशिवाय सही करायची नाही. तुझे बाबा नेमून दिलेल्या जागीच उभे होते.

सगळा मजकूर माझ्या हातचा. साक्षीदारांनी मला सही करताना पाहून मग आपापल्या सह्या केल्या.

सही: खलाशाची बायको
साक्षीदार: १. सारंग, निवृत्त २. वाचनालयातल्या बाई
ठिकाण: राहते घर
दिनांक: सोळा मार्च