प्रकाश आला की बोलू

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.
लॉजवर पोचलो. खिडकीतून अर्धी दरी दिसते, अर्धी पाण्याची टाकी.
बायकोला दुसऱ्या शहरातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देऊ केलीय. शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. ती म्हणाली, "मला एकटीनं ठरवायचं नाहीये. कुठंतरी जाऊ, निवांत बोलू." दरी मी सुचवली. यात माझा स्वार्थ होता का, हे बसमध्ये स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. होता. पण बेताचा. सूर्योदय पहाटेच आटोपतो, बोलायला अख्खा दिवस मोकळा.
संकल्प: कॅमेरा फक्त पहाटे.

११ नोव्हेंबर. सकाळ.
धुकं. समोर दरी आहे हे केवळ धोक्याच्या पाटीमुळे कळत होतं. बायको थर्मास घेऊन शेजारी उभी. तिनं विचारलं, "मी तिकडे गेले तर आपलं काय होईल रे?" मी म्हणालो, प्रश्न गंभीर आहे, घाईघाईनं उत्तर देणं तुझ्यावरच अन्याय होईल. प्रकाश आला की बोलू.
आला नाही. मग दिवसभर झोपलो. दमलेल्या माणसाच्या मताला काय किंमत?

१२ नोव्हेंबर.
ढग. पूर्वेला फट पडतेय असं वाटत राहिलं, म्हणून जागचा हललो नाही. लॉजवाला म्हणाला, "साहेब, इथला सूर्य सध्या सहीपुरता येऊन जातोय." बायको खूप हसली. एवढं हसण्यासारखं काही नव्हतं.
संध्याकाळी तिनं पुन्हा विषय काढला. मी लेन्स पुसत होतो. पण कामात हात होते, कान मोकळे होते. ती म्हणाली, "मी आत्ता काय म्हणाले ते सांग बघू." मी म्हणालो, शाळेबद्दल. ती आमच्या दोघांबद्दल बोलत होती. विषय तसे लागूनच आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
पाऊस. तरी गेलो. छत्री कॅमेऱ्यावर धरावी लागली. बायकोला म्हटलं होतं, तूही ये छत्रीखाली, फक्त ट्रायपॉडला धक्का लागू देऊ नकोस. ती आली नाही. स्वभाव.
दुपारी तिला ताप. मी स्वतः चहा आणून दिला. (आधी थोडा गार झाला, कारण पश्चिमेला आभाळ उघडल्यासारखं दिसलं.) ती म्हणाली, "तू नुसतं 'जाऊ नकोस' म्हण. मी त्यांना नाही म्हणून कळवते." मी म्हणालो, बायकोवर असा दबाव टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्या समंजसपणाचं तिला नवल वाटलं असावं.
उद्या फोटो झाला की सविस्तर बोलायचं. नक्की.

१४ नोव्हेंबर. सकाळ.
आला! ढग फाटले आणि सूर्य थेट दरीच्या तोंडातून वर आला. शटर दाबत सुटलो. आजूबाजूचे पर्यटक सूर्याकडे पाठ करून उभे! लोकांना सूर्योदयाची कदर नाही. बायको ताप अंगात असून आली होती, मध्येच काहीतरी म्हणाली. मग कठड्याच्या टोकाशी गेली. फोनला रेंज तिथंच मिळते. बोलताना हसत होती. तब्येत सुधारली म्हणायची.
तिच्याशी बोलायला उत्तम दिवस. आधी बॅटरी चार्ज करतो.

१६ नोव्हेंबर, रविवार. घरी.
मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहिले. आभाळ पांढरंफटक, दरी कोळशासारखी. आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर त्याच सकाळचा दुसऱ्या कुणाचा तरी फोटो आहे: दरीकडे तोंड केलं की पाठीमागे येणारा कडा, तांब्यासारखा झळाळणारा. सगळा प्रकाश तिकडे पडला होता. नशीब एकेकाचं.
बायको बॅगा भरतेय. होकार शुक्रवारी सकाळीच कळवला म्हणे. तिथं घरही बघितलंय, एकटीपुरतं. मी शांतपणे म्हणालो, एवढा मोठा निर्णय, कळवण्याआधी निदान एकदा मला विचारायचंस.
साडीची घडी न मोडता ती म्हणाली, "विचारलं. ऊन आलं तेव्हा. 'जाऊ का मी?' म्हटलं. तू म्हणालास, जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतेयस."
नीट आठवून पाहिलं. म्हणालो असेन. पण नोंद अपुरी नको म्हणून लिहून ठेवतो: मी 'प्लीज' म्हणालो होतो.