मेणबत्ती हलली तेव्हा

मुंबई, इस्पितळातून
५ फेब्रुवारी १९९८

प्रिय फ्लॉसी बाय,

वरचा पत्ता बघून घाबरू नकोस. तुझा बाप अजून शाबूत आहे, आणि इथल्या अळणी पेजेला नावं ठेवण्याइतका खडूसही.

दाढ दुखत होती ना, तिचेच हे प्रताप. मी लवंग दाबून, मिठाच्या पुरचुंडीने शेकत बसलो. आता कुणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ! गळा सुजला तेव्हा वसईच्या डॉक्टरांनी पू काढला, ताप उतरला, मी भुईगावला परत येऊन केळींना पाणी लावायलाही लागलो. मानेवर सुपारीएवढी गाठ उरली होती. बसेल हळूहळू, म्हटलं.

परवा संत ब्लेझचा सण होता. आठवतं, गळ्याची दुखणी टळावीत म्हणून फादर दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याला लावायचे नि तुला गुदगुल्या व्हायच्या? तू खुदकन हसायचीस आणि आई चिमटा काढायची. यंदा रांगेत मी एकटाच. फादर ज्युलियसनी मेणबत्त्या टेकवल्या, तर डावीकडची आपोआप हलायला लागली, नाडी उडावी तशी. आशीर्वाद अर्ध्यावर सोडून त्यांनी मला तसंच गाडीत घातलं नि इथे आणलं.

ती गाठ नव्हतीच, पुवाने मानेतली, मेंदूला रक्त नेणारी मोठी शीर पोखरलीय. ती फुग्यासारखी फुगलीय, कधीही फुटेल. उद्या सकाळी डॉक्टर ती कायमची बांधून टाकणार. जीव वाचेल म्हणतात, पण उजवा हात लुळा पडू शकतो आणि वाचाही जाऊ शकते. मला भीती वाटते ग. तुझी आई असती तर तिच्यावर ओरडून तरी घेतलं असतं. ती गेल्यापासून माझा आवाज घरात फक्त कोंबड्या ऐकतात. माणसांत म्हणशील तर तू, तेही रविवारी, शेजारच्या आशालताच्या फोनवर.

म्हणून हात चालतोय तोवर लिहून ठेवतोय. घरी परतलो की रविवारी पुन्हा त्या फोनपाशी बसेन. मस्कतहून तू हॅलो हॅलो करशील आणि इकडून आवाज आला नाही, तर लाइन गेली समजून फोन ठेवून देऊ नकोस. डाव्या हाताने मी रिसीव्हरवर टिचकी मारीन. तू आपली बोलत राहा, बाळाचं, तिकडच्या उन्हाचं, कालवणात मीठ जास्त पडल्याचं, काहीही. मी ऐकत असेन.

तुझाच,
पप्पा