अर्धा डबा ज्वारी

लीला,

ज्वारी दळायला गिरणीत चाललोय. अर्धाच डबा नेलाय. घाबरू नको, कंबर रोजच्याएवढीच दुखतेय.

काल दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी समजावलं, तेव्हा तू बाहेर चपला शोधत होतीस. कंबर केव्हाच बरी झालीय म्हणे, मेंदूच अजून बोंब मारतोय. समोरच्या आशिषची गाडी कशी, मांजराने नुसती उडी मारली तरी कोकलत बसते, तसं. रोज थोडं थोडं काम केलं की मेंदूला हळूहळू पटतं, चोर आलेला नाही. बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही आणि दुखलं म्हणून झोपून राहायचं नाही.

दुखणं खोटं नसतं, हेही त्या दोनदा म्हणाल्या. एवढं तुझ्या भावाला कळव. मी सांगितलं तर लई भांडण होईल.

कंबरेचा पट्टा खुंटीला आहे, तो घेऊन मागे येऊ नको. यायचंच असेल तर उरलेली ज्वारी दाराआड ठेवलीय.

गिरणीवाला मला ओळखायचा नाही. तीन वर्षं तूच जातेस की. तुझंच नाव सांगीन.

रामहरी