करवंदाच्या मुळाशी राख

बाई, तुम्ही शाळेभोवती लावलेलं करवंदांचं कुंपण यंदा भिंतीसाठी काढून टाकलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. त्यातलं एक रोप मी पेठकडच्या आपल्या गावाहून लाल मातीसकट शहरात, इंदिरानगरच्या माझ्या घरी आणलं आणि गच्चीवर मोठ्या कुंडीत लावलं. त्या कुंपणातलं आता तेवढंच उरलंय.

शेळ्या शाळेची बाग फस्त करायच्या, तेव्हा सगळे म्हणाले, काट्या तोडून रचा. तुम्ही मात्र आम्हाला पोटभर करवंदं खायला लावलीत आणि टेबलावर डबा ठेवलात. "गिळू नका रे, बिया इकडे थुंका." दारातून एक म्हातारबाबा हसले, "बाई, रानातलं करवंद कोनी लावतं का?" तुम्ही म्हणालात, "नाही ना लावत? मग आपण लावू." रोपं वीतभर झाली आणि आमच्या अंगात भक्ती संचारली. घरी वांग्याला राख घालतात, म्हणून आम्ही चुलीतली राख ओंजळीओंजळीनं तिथे ओतली. पानं पिवळी पडली. तुम्ही पदर खोचून खाली बसलात, हातानं राख खरवडलीत. "अरे, वांग्याचे लाड याला नकोत. डोंगराचं लेकरू आहे हे, याला आंबट मातीच लागते. राखेनं तिचा आंबटपणा मरतो." मग झाडाखालचा कुजका पाला आणवून प्रत्येक रोपाला तुम्ही स्वतः घातलात. वर्गात छडी घेणारे ते हात इतके हळू चालतात, हे मी तेव्हा पाहिलं.

आणि एवढं पाहूनही, बाई, रोज पूजेनंतर गोवरीच्या धुपाची राख मी गच्चीवरच्या त्या कुंडीत घालत होतो. देवाची राख पायदळी जाऊ नये म्हणून. पानं पिवळी पडत गेली. राखेनं तर नसेल, असं मी पुटपुटलो, तर बायको म्हणाली, "अहो, देवाच्या अंगाऱ्यानं झाड कसं मरेल?" मला तुमचा खोचलेला पदर दिसला. वरची माती काढली, गावाहून लाल माती आणि पाला आणला, बोअरचं खारं पाणी बंद करून साठवलेलं पावसाचं घातलं. आज शेंड्याला हिरवी पालवी आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगतो. पानं पिवळी होती तेव्हा मी नवसही बोललो होतो. तुम्ही म्हणाला असतात, "देवाला कशाला मध्ये घालतोस?" पण बाई, फेडायला मी जाणार आहे.