दुसऱ्या तक्त्यातला आकडा

प्रिय सर,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. तुम्हाला जाऊन महिना झाला. काल काकूंनी तुमची अभ्यासिका आवरायला ब्रॅकनेलच्या घरी बोलावलं. "केमिस्ट्रीचं तूच बघ गं, चॅरिटी शॉपला काय द्यायचं तेवढं सांग," म्हणाल्या. तिथे तुमची जुनी वही सापडली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

इंग्लंडला तुमच्याकडे पीएचडीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही समजावलं होतंत. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की शेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांमधलं अंतर कळतं. त्यातलं कुणाचं किती, हे मात्र कळत नाही. म्हणून एकाची, बहुतेक वेळा ऑक्सिजनची, त्रिज्या आधी ठरवून घ्यायची. उरेल ती धातूची. कुणी ऑक्सिजन मोठा धरला, कुणी लहान, म्हणून त्रिज्यांचे तक्ते वेगळे. "कुठलाही तक्ता घे, पण दोन मिसळू नकोस." किती छान शिकवायचात!

आणि आपल्याच पेपरमध्ये ते मिसळले. ऑक्सिजन एका तक्त्यातला, धातू दुसऱ्यातला. बेरीज मोजलेल्या अंतराशी जुळेना. कॉन्फरन्समध्ये एकाने उभं राहून विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलंत. परतताना ट्रेनमध्ये मराठीत समजूत घातलीत. "अगं, घरच्या माणसालाच बोलता येतं ना? मनाला लावून घेऊ नकोस." घरी काकूंनी वरणभात वाढला. मी रडत जेवले आणि वर तुमचीच माफी मागितली.

टाइप मी केलं होतं, म्हणून चूक माझीच वाटली. मग स्वतःच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास बसेना. संशोधन सोडलं, बेसिंगस्टोकला आयटीत चिकटले. त्याला अकरा वर्षं झाली.

वहीत तुमच्या अक्षरात काय आहे, आठवतं? 'धातूचा आकडा मीच मृणालला दिला, दुसऱ्या तक्त्यातला. तिला सांगायला हवं.' तारीख कॉन्फरन्सनंतरच्या आठवड्यातली.

सर, दर गणपतीला तुम्ही माझ्या घरी जेवलात. मोदक मागून घेतलेत. एकदाही तोंड उघडवलं नाही? लाज वाटली असेल. मग मला जी लाज वाटत होती तिचं काय? परक्या कुणाला तुम्ही असं बळी दिलं नसतंत. मी घरची, म्हणून चालून गेलं.

संताप याचाही होतो की भांडायला तुम्ही नाही. आणि काल त्याच वहीत एक आकडा कळेना, तर पहिल्यांदा तुम्हालाच फोन करावासा वाटला.

काकूंना मी स्वतः सांगणार आहे, कितीही जड गेलं तरी. गणपतीला त्यांना घ्यायला मीच येईन. पण घरातलं म्हणून झाकून ठेवणं माझ्याकडून होणार नाही. जर्नलला दुरुस्ती पाठवते आहे. बरोबर आकडे, आणि चूक कुणाची तेही. पेपरवर पहिलं नाव तुमचं होतं. दुरुस्तीवर पहिलं माझं असेल.

तुमची विद्यार्थिनी,
मृणाल