सर्व्हरवर प्रत ठेवा

३ नोव्हेंबर, माधवनगर

कारखान्याच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर बसला. आजपासून मेल इथेही उघडायची. आत्तापर्यंत सगळी मेल साताऱ्याला अण्णाकाकांच्या टेबलावर. ते वाचणार, बाबांना फोन करणार, मग इथे मागावर कापड चढणार. बँडेजचं कापड धाकट्याने विणायचं आणि गिऱ्हाईक थोरल्याने सांभाळायचं, असं दोघा भावांचं मी लहान असल्यापासून चाललं आहे. पण मिरजेच्या हॉस्पिटलने बँडेजची रुंदी बदलून मागितली होती, ते अण्णाकाका गेल्या महिन्यात फोनवर सांगायला विसरले. बाबा म्हणतात, विसरले नाहीत, सांगितलं नाही. म्हणून हा कॉम्प्युटर.

प्रोग्रॅम म्हणाला, सेटिंग आपोआप शोधतो. बराच वेळ चक्र फिरलं, सापडलं नाही. मग इनकमिंग सर्व्हर, आउटगोइंग सर्व्हर, पोर्ट, सगळं मलाच विचारायला लागला. मी अण्णाकाकांनाच फोन केला. त्यांनी त्यांच्या स्क्रीनवरचं वाचलं, मी तसंच भरलं.

“पॉप. पोर्ट नऊशे पंच्याण्णव. आउटगोइंगला चारशे पासष्ट. आता तू वाच.”

वाचलं. पुन्हा वाचून घेतलं.

“खाली एक चौकट आहे, सर्व्हरवर प्रत ठेवा म्हणून. तिथे खूण असेल ती काढ.”

काढली. स्वतःलाच चाचणीची मेल पाठवली. पाठवणारा पत्ता तोच, घेणारा तोच. लगेच आली. ताळा जमला. फार बरं वाटलं.

५ नोव्हें.

सगळं सुरळीत. सकाळी दोन चौकशा आल्या, दोन्हींना उत्तरं. बाबा खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. “मराठीत लिहिलंय त्याला इंग्रजीत का उत्तर देतेस?” बरोबर आहे. बदललं.

रात्री झोपण्याआधी उगाच शंका, आउटगोइंगचं पोर्ट ५८७ असतं असं कुठेतरी वाचलं होतं. पण मेल जाते आहे. जाते म्हणजे बरोबर.

८ नोव्हें.

अ.का.चा फोन. नेहमीसारखं ‘वृंदा, जेवलीस का’ नाही, सरळ:

“बेळगावच्या माणसाने परवा मेल टाकलीय म्हणतो. माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आली का?”

आली होती. बाबांनी परस्पर भाव कळवलासुद्धा.

“मग मला का नाही आली?”

मला काय माहीत. तसं म्हणाले नाही. बघते म्हणाले.

“मधूला म्हणावं, माझ्यापासून लपवायचं असेल तर तसं सांग. मी विचारणार नाही.”

बाबांना मधू म्हणणारं जगात आता एकच माणूस आहे. निरोप बाबांना दिला, फक्त ‘लपवायचं’ हा शब्द गाळून. चूक की बरोबर, अजून ठरत नाही.

९ नोव्हें.

आज उलटं. मिरजेच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमधून फोन, मेलला उत्तर का नाही? आमच्याकडे मेलच नाही. साताऱ्याला विचारलं तर ती तिथे. अ.का. म्हणाले, “मला वाटलं मधू देईल उत्तर. आता तुम्हीच देता ना सगळ्यांना.”

बाबा ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “बघितलंस? चांगलं गिऱ्हाईक तिकडे, किरकोळ इकडे. निवडून पाठवतात.”

मी म्हटलं, मेल निवडून पाठवता येत नाही.

“तुला काय माहीत, येत असेल.”

१० नोव्हें.

बाबांनी ठरवलं. सांगलीचा, म्हणजे इथला, वेगळा मेलचा पत्ता काढायचा. बँडेजच्या रोलवरचं कागदी वेष्टन संपत आलंय, नवीन छापायचं आहे. त्यावर सांगलीचाच पत्ता, साताऱ्याचं नाव नाही. नमुना या महिन्यात छापखान्यात.

म्हणजे वाटणी. तो शब्द मात्र घरात कोणीच काढत नाही. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मेलचं काय ते नीट करून टाक ना तू. तुला येतं ते.” जणू दोघे बोलत नाहीत ते माझ्या कॉम्प्युटरमुळेच.

आणि तसंच असलं तर?

११ नोव्हें.

तसंच आहे.

आज नीट बसले. चाचणीची मेल टाकली, ती इथे आली. मग ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर जाऊन पाहिलं. पेटी रिकामी. दुसरी टाकली आणि इथला प्रोग्रॅम बंद ठेवला. अ.का.ना फोन करून विचारलं, चाचणी अशा नावाची काही आली का? आली म्हणाले. इथला प्रोग्रॅम चालू केला तर ती इथे नाही.

जो आधी पेटी उघडेल, मेल त्याची. पॉप मेल खाली उतरवतो, आणि प्रत ठेवायची खूण काढली की सर्व्हरवर काही उरत नाही. दोन्ही कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने पेटी उघडतात. कोणी काही लपवलेलं नाही, निवडलेलंही नाही.

मला हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. ती खूण काढताना क्षणभरही थांबले नाही, कारण मलाही ते योग्यच वाटलं. मी लहानपणी दम्यामुळे शाळेत गेले नाही, काही वर्षं साताऱ्यालाच होते. अक्षरं अ.का.नी शिकवली, आलेल्या टपालावरच्या पत्त्यांवरून. क कराडचा, म मलकापूरचा. आणि टपालाचा नियम एकच, दिवेलागणीला पेटी रिकामी. पेटीत काही उरलं तर त्यांना जेवण जात नसे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं पेटीत काही ठेवू नको, आणि मी ठेवलं नाही. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, का?

ताळासुद्धा त्यांनीच शिकवला. उत्तराकडून उलटं यायचं. मी फक्त माझ्याच बाजूने करून मोकळी झाले.

१२ नोव्हें.

उपाय माहीत आहे. आयमॅप. मेल सर्व्हरवरच राहते, सगळ्यांना तीच दिसते. पोर्ट ९९३. सर्व्हरचं नाव मात्र वेगळं असणार. अंदाजाने एक टाकलं, सर्टिफिकेट जुळत नाही म्हणाला. दुसरं टाकलं, पासवर्ड चुकीचा म्हणाला. पासवर्ड बरोबर होता. परत टाकला. परत. परत.

खातं कुलूपबंद. सातारचंही.

अ.का.: “आता दारालाच कडी घातलीत का?”

खरं सांगितलं, माझ्या हातून झालं. म्हणाले, “घाई केलीस.” एवढंच.

पुण्याला, जिथे आमचं डोमेन आहे तिथे, फोन. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. नाव मी दुसऱ्यांदा टाकलं होतं तेच बरोबर. फक्त युजरनेममध्ये अर्धाच पत्ता नाही, पूर्ण पत्ता हवा. पॉपला अर्धा चालत होता म्हणून मी तसाच ठेवलेला. कुलूप काढून दिलं.

सांगली आयमॅपवर. आता जमलं. अगदी खात्री.

१३ नोव्हें.

जमलं नाही. मेल येते, डोळ्यांसमोर दिसते, आणि वाचता वाचता नाहीशी होते. साताऱ्याचा प्रोग्रॅम अजून उचलून नेतो आहे. कापडाच्या गाठी बांधणाऱ्या शालनमावशी गाठीवर घालायचा पत्ता विचारायला आल्या होत्या. माझ्यामागे उभ्या राहून त्यांनी एक जाताना पाहिली.

“आवं ताई, कुठं गेली वो?”

“साताऱ्याला.”

“तिकीट न काढता?” मग गाठीवर बसून दोरी आवळत म्हणाल्या, “दोघं भाऊ बोलत न्हाईत, आनि तुमी यंत्राला औषध देताय व्हय.”

मी म्हटलं, यंत्राचंच दुखणं आहे मावशी, यावेळी.

“आसंल बा. आमच्या कुंडलला बी भावाभावांचं बांधावरनं हुतंय. बांध काय आपला आपन सरकत न्हाई.”

१४ नोव्हें.

बाबांना कागदावर चित्र काढून समजावलं. समजलं त्यांना, हे नक्की. कारण चित्रातल्या साताऱ्यावर बोट ठेवलं. मग:

“पासवर्ड बदल. म्हणजे तिकडचं बंद. मेल सगळी इथे.”

मी नाही म्हटलं.

“का?”

खातं दोघांचं आहे.

बाबा उठून मागांकडे गेले. म्हटलं ते बरोबर म्हटलं. यात मला अजिबात शंका नाही.

अ.का.ना फोनवर सांगून पाहिलं, तुमच्या इथे प्रत ठेवायची खूण करा. “घेतलेलं टपाल परत पेटीत टाकायचं? हे कोणी शिकवलं तुला?” मी नाही शिकवलं, असा अर्थ.

त्यांनाही आयमॅपवर घ्यावं? पण ते संध्याकाळी पेटी रिकामी करणार, हाताने, एकेक. आयमॅपवर तिथलं काढलेलं इथलंही जातं. म्हणजे सेटिंग पुस्तकातलं आणि मेल पुन्हा गायब. योग्य सेटिंग असं मुळात नसतंच बहुधा. कोणाच्या टेबलावर बसवायचं ते आधी बघावं लागतं.

साताऱ्याला जायला हवं.

१६ नोव्हें., सातारा

बाबांना सांगून निघाले. “जा. चहा पी आणि ये. माझं काही सांगू नकोस.” एसटीत मलकापूरपर्यंत उभी, मग जागा मिळाली. सगळ्या रस्ताभर तोंडाने सेटिंग घोकत होते.

अ.का. दारात. “मधूने पाठवलं?”

“सांगून आले.”

“ते वेगळं.”

काकूंनी आधी जेवायला बसवलं. जेवताना मेलचा विषय नाही, हा इथला नियम. नंतर टेबलाशी. कॉम्प्युटरशेजारी जुना टपालाचा ट्रे, रिकामा, पुसलेला. मी चित्र काढलं नाही. विचारलं, अण्णाकाका, तुम्ही पत्र टाइप करायचात तेव्हा खाली कार्बन घालायचात ना?

“घालायचोच.”

मूळ पत्र गेलं तरी कार्बन ऑफिसात.

“अर्थात. नाहीतर काय लिहिलं ते कोणाला कळणार.”

मग ही चौकट कार्बनची आहे. मूळ तुमच्याकडे येईल, तुमची पेटी तुम्ही रोज रिकामी करा, पॉपच राहू दे. सर्व्हरवर फक्त कार्बन. तो सांगलीला दिसेल.

चष्मा काढून पुसला. “आणि मी उत्तर दिलं तर मधूला कळणार का?”

उत्तराची एक प्रत आपल्याच पत्त्यावर टाकायची, तेही सेटिंग आहे. ते केलं.

“आणि त्याने दिलेलं मला?”

तेही तसंच येईल, परत गेल्यावर तिथेही तेच सेटिंग करते. इथून तिथे, तिथून इथे.

“म्हणजे इतके दिवस तो लपवत नव्हता.”

नाही. बाबाही तुमच्याबद्दल तेच म्हणत होते.

हे बोलायला नको होतं, बाबांनी सांगू नको म्हटलेलं. पण निघून गेलं तोंडातून. अ.का. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “कार्बन किती दिवस ठेवायचा? कायमचा ठेवणार नाही मी.” खाली तशी सोय आहे, अमुक दिवसांनी काढून टाका. तीस घातले. त्यांनी स्वतः टाइप केले, एका बोटाने.

“आता ताळा कर. माझ्या बाजूनेही.”

केला. पाठवलेली मेल इथे आली, काढली, माझ्या फोनवरही सांगलीसारखंच आयमॅपचं खातं घेतलंय, त्यात पाहिलं. तिथे आहे. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. तरी आहे. काकू मागून म्हणाल्या, “झालं ना? मग त्याला फोन करा.”

“कॉम्प्युटर नीट झाला, काकूबाई. बाकी काही झालं नाही.” काकूंना असं चिडवून काकूबाई म्हणाले. म्हणजे मूड बरा.

१७ नोव्हें., माधवनगर

परत. आल्या आल्या बाबांना पेटी दाखवली. अ.का.नी सकाळी मिरजेला दिलेलं उत्तर त्यात होतं. बाबांनी वाचलं. शेवटी इंग्रजीत लिहिलेलं, अर्थ असा: “कापडाच्या विणीबद्दल माझे बंधू अधिक सांगू शकतील, त्यांच्याशी बोलावे.” बाबांनी ते दुसऱ्यांदा वाचलं. “इंग्रजी चांगलं आहे त्यांचं,” म्हणाले आणि चहा मागवला.

वेगळ्या पत्त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

१९ नोव्हें.

दोन्हीकडे सगळी मेल येते आहे. पॉप तिथे, आयमॅप इथे. पुण्याच्या त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, असं मिसळून कोणी ठेवत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे ठेवतात.

२१ नोव्हें.

वेष्टनाचा नमुना उद्या छापखान्यात जायचा. बाबांनी सगळं तपासून दिलं, पत्त्याची ओळ सोडून. तिथे पेन्सिलीने नुसती रेघ.

सकाळी फोनवर मेल बघताना ‘ड्राफ्ट्स’समोर एक आकडा दिसला. मी काही अर्धं सोडत नाही. पाहिलं. घेणाऱ्याच्या जागी आमचाच पत्ता. विषयाच्या जागी ‘अण्णास’.

उघडलं नाही. आत किती ओळी आहेत माहीत नाही. खाली पाठवायचं बटण माझ्याही फोनवर आहे, तेवढ्यासाठी फोन टेबलावर उलटा ठेवला आणि शालनमावशींना गाठी मोजायला मदत करायला गेले. त्यांनी विचारलं, “ताई, पत्ता कुठला घालायचा मग, नव्या कागदावर?” उद्या सांगते म्हटलं.

कच्ची मेल पॉपमध्ये उतरत नाही. साताऱ्याला ती दिसणार नाही, पाठवल्याशिवाय. इथेच राहील.

दुपारी पुन्हा पाहिलं. अजून एकच आहे. पण तिच्यापुढची वेळ बदललेली.